सरळ शिरोरेषेखालचं हसू

पुंडलिकनगरच्या वळणावर सीताफळांच्या गाड्या लागल्या की आमच्या घरात कुणी कॅलेंडर बघत नाही. दसरा होऊन गेलेला असतो. दुपारचं ऊन अजून चटका देतं, पण सकाळी गॅलरीत पाय टाकला की फरशी गार लागते. गाडीवाला एकच प्रश्न विचारतो, आज खायचं का उद्या, आणि आपण सांगू तसं फळ चाचपून देतो. मी दोन्ही घेते. आजचं आज खाते आणि उद्याचं बहुतेक वेळा आजच संध्याकाळी.

काल अशीच खात बसले होते. हात मनगटापर्यंत चिकट. तेवढ्यात फोन वाजला, तो मी कोपरानं कसाबसा स्पीकरवर टाकला. पलीकडे पुण्याचे एक गृहस्थ होते. ते विनोदी कार्यक्रम काढणार आहेत आणि त्याचं नाव त्यांना माझ्याकडून रेखाटून हवं आहे. बोलणं मोठं आदबशीर. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, अक्षरं जरा नाचरी हवीत, बघताक्षणी हसू फुटलं पाहिजे. मी विचार करून कळवते म्हटलं. फोन बंद झाला आणि मी एकेक बी ताटलीत टाकत बसले. मला सीताफळांचा तो मागचा मोसम आठवत होता, माझ्या मैत्रिणीच्या, संघमित्राच्या बाबांचा.

माझा धंदा तसा लेबलांचा. वाळूजला एका पॅकेजिंगच्या कारखान्यात मी लोणच्याच्या बरण्या, मसाल्याची पाकिटं, फरसाणाच्या पिशव्या यांवरची अक्षरं आणि चित्रं करते. आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कारकुनी झाली, त्यामुळे अक्षर वळणदार हवं हा संस्कार मला फुकट मिळाला. पुढचं लेबलांनी शिकवलं. पाकिटावर लाल मिरची मोठी काढली की पाकीट फोडायच्या आधीच माणसाच्या कानातून धूर निघायला लागतो. तीच मिरची लहान आणि हिरवी काढली तर तोच मसाला लोकांना बेताचा वाटतो. आत काय आहे हे जिभेच्या आधी डोळे ठरवून टाकतात, आणि जीभ बिचारी डोळ्यांचं ऐकते.

हसण्याचंही तसंच आहे, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

संघमित्रा आणि मी कंपनीच्या बसमध्ये एकमेकींना सापडलो. ती गिअर बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात. दिवसभर दातेरी चाकं मोजमापानं बघायची, आणि बसमध्ये बसली की माणसं बघायची. ती बोलायला लागली की पुढच्या सीटवरचे कानातली इअरफोनची बोंडं काढून ठेवत. तिला नकला येत नाहीत, हातवारे येत नाहीत. ती घडलेलं फक्त सांगते, तोंडावरची रेघ हलू न देता. मी एकदा विचारलं होतं की हे कुठून आलं. म्हणाली, बाबांकडून.

तिचे बाबा बस स्टँडवर चौकशी खिडकीत होते. माइकवरून गाड्यांची घोषणा करणारा तो आवाज त्यांचा. मूळ गाव फर्दापूर. जळगावच्या गाडीची घोषणा करताना 'मार्गे फर्दापूर' हे दोन शब्द ते जरा सावकाश म्हणत, असं संघमित्रा सांगते. दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण शाळेतून येताना स्टँडवर थांबलेल्या लेकीला ते कळायचं. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, घोषणा सुटल्या नाहीत. भावसिंगपुऱ्याच्या त्यांच्या घरात मी ते माझ्या कानांनी ऐकलंय. स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे राहून, पिशवीतली भाजी हातात धरून ते म्हणाले होते, "घरातल्या सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं. आज सुटणारी भेंडी रद्द झालेली आहे. तिच्या जागी शेपू सोडण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." चेहरा असा की नवख्या माणसाला वाटावं, हे भेंडीसाठी खरोखरच दिलगीर आहेत.

उन्हाळ्यात ते गेले. थोडं दुखणं आणि मग एकदम. घर कसं झालं असेल ते मी सांगायला नको. संघमित्रा म्हणायची, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, ती पूर्वीही शांतच होती. पण आता सगळं घरच तिच्यासारखं बसून असतं. मग पावसाळ्यात कधीतरी तिनं बाबांच्या घोषणा आठवून आठवून जुळवायला घेतल्या. बसमध्ये मला एकेक ऐकवायची. त्यातली एक ऐकून मी तिला म्हटलं की हे लोकांसमोर सांग.

ती गोष्ट अशी. स्टँडवर एक लहान मुलगी चुकली. चौकशी खिडकीत तिला आणून बसवलं तर रडून रडून तिला नाव सांगता येईना. हरवलीस, हरवलीस असं सगळे म्हणत होते आणि ते ऐकून ती आणखी रडत होती. संघमित्राच्या बाबांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि माइक उघडला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. एका मुलीचे आजोबा हरवलेले आहेत. मुलगी चौकशी खिडकीत सुखरूप आहे आणि त्यांची वाट पाहत आहे. आजोबांनी घाबरून न जाता खिडकीजवळ यावं." मुलगी रडायची थांबली. आजोबा हरवलेत म्हटल्यावर तिच्यावर जबाबदारी आली ना. आजोबा धापा टाकत आले तेव्हा तिनं त्यांनाच दटावलं, हात का सोडला म्हणून.

नवरात्र उलटलं आणि उस्मानपुऱ्यातल्या एका कॅफेनं तिला गच्चीवर एक संध्याकाळ दिली. चालवणारी पोरं उत्साही. तुम्ही फक्त या, बाकी आमच्यावर सोडा, असं म्हणाली आणि त्यांनी खरंच सगळं केलं. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'बाबांची धम्माल गाडी'. अक्षरं फुग्यासारखी टम्म, एक वर एक खाली. 'धम्माल'मधल्या 'ल'ला मिशा. अनुस्वाराच्या जागी विदूषकाचं लाल नाक. बाजूला खाकी कपड्यांतला म्हातारा, डोळे बाहेर आलेले, तोंडात भोंगा. मंचामागं हेच मोठं करून लावलं होतं आणि संघमित्रा मंचावर यायच्या आधी स्पीकरमधून स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज झाला.

लोक हसले. ते प्रामाणिकपणे सांगायला हवं, खूप हसले. ती 'माझे बाबा' म्हणाली तेवढ्यानंच हसले. बाबा अजून काही बोललेही नव्हते. शेपूच्या घोषणेला टाळ्या पडल्या. मग तिनं हरवलेल्या मुलीची गोष्ट सांगितली, आणि 'एका मुलीचे आजोबा हरवलेले आहेत' या वाक्याला गच्ची डोक्यावर घेतली लोकांनी. हरवलेलं कोण आणि शोधणारं कोण, हेसुद्धा न कळणारा येडा म्हातारा त्यांना दिसत होता. मागं चित्रात होता तोच. पुढचं, मुलगी रडायची थांबली ते, त्या गोंगाटात कुणाच्या कानावर गेलं नाही.

दुसऱ्या रांगेत मावशी, म्हणजे संघमित्राची आई, बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि जिन्यानं खाली गेली. संघमित्रानं मंचावरून ते पाहिलं. वाक्य तिनं पुरं केलं, कार्यक्रमही पुरा केला. मी मावशीच्या मागं खाली गेले. ती रस्त्याच्या कडेला रिक्षांकडे बघत उभी होती. मला पाहून म्हणाली, "मंजू, माझ्या माणसाचं सोंग केलं गं यांनी." आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं.

कॅफेच्या पोरांचा लगेच फोन आला, पुढच्या पंधरवड्यात परत करू. संघमित्रानं नाही म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी ती माझ्याकडे आली. आल्या आल्या तिनं सीताफळ फोडलं, पण खाल्लं नाही. सांगत राहिली. आई भांडत नाय, रुसत नाय, फक्त त्या दिवसाबद्दल बोलत नाय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबांची घोषणा आता घरात म्हणता येत नाय. मेलेल्या माणसाचा आवाज घरात थोडाफार उरला होता, तोही आपण गच्चीवर जाऊन घालवून आलो, असं तिला वाटत होतं.

"एक शब्द बदलला नव्हता मी," ती म्हणाली. "बसमध्ये तुला सांगते तेच सांगितलं. तू बाबांसोबत हसतीस. ते लोक बाबांवर हसले. असं कसं झालं?"

मी उठून चहा टाकला. चहा उकळेपर्यंत मी लहानपणीच्या टीव्हीबद्दल विचार करत होते. मालिकेची पाटी लागायची तेव्हा आम्ही भावंडं हातातलं टाकून धावायचो. ती पाटी म्हणजे नुसतं नाव नव्हतं. आता कसं बसायचं ते ती सांगायची. भुताच्या मालिकेची रक्त ओघळणारी अक्षरं आली की आम्ही आधीच पाय वर घेऊन बसत असू. आणि विनोदी मालिकेत अक्षरं टुणटुण उड्या मारत आली, त्यांना डोळे फुटले, दात दिसले, की आम्हाला कळायचं, आता जो कोणी पडद्यावर येईल तो वेडा आहे. त्याला काही लागलं तरी लागत नाही, तो पडला तरी आपण हसायचं. परवाना मिळायचा. माझे वडील मात्र अशी पाटी लागली की हाताची घडी घालत. हसवा बघू, अशी ती घडी असे. ते हसायचे बातम्या बघताना. निवेदक गंभीर चेहऱ्यानं काहीतरी अचाट सांगायचा आणि वडील खुर्चीत गदगदून हलायचे.

चहा ओतता ओतता मी तिला म्हटलं की तुझ्या गोष्टीत काही चुकलेलं नाही, पाटी चुकलीय. तुझे बाबा तोंड सरळ ठेवून बोलायचे आणि त्यांच्या डोक्यावरची अक्षरं मात्र आधीच खिदळत होती. ज्यानं विनोद करायचा त्या माणसाचाच त्यांनी विनोद करून टाकला.

संघमित्रा म्हणाली की मग सरळ पाटी करून दे. मी म्हटलं, करते, पण तुझे बाबा जिथं बसायचे ती जागा मला दाखव.

आम्ही बस स्टँडवर गेलो. डिझेलचा वास, मीठ-मसाला लावलेल्या काकड्या, पेरूच्या टोपल्या, पिशवीवर डोकं ठेवून झोपलेली माणसं. चौकशी खिडकीत आता दुसरा आवाज होता. आम्ही बाकावर बसून येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या बघत राहिलो. कित्येक वर्षं मी या गाड्यांतून फिरले, पण त्यांची अक्षरं अशी बघितली नव्हती. गावाचं नाव मोठं, 'मार्गे' बारीक. नटवेपणा कुठंच नाही. आणि शिरोरेषा सुतानं आखल्यासारखी सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. अक्षरं तिला धरून उभी, घाईच्या वेळी दांडीला धरून उभी राहिलेली शहाणी माणसं असतात तशी. ती आपल्याला हसवायला आलेली नसतात. ती म्हणतात, आम्ही इकडे चाललोय, यायचं तर या.

तेवढ्यात जळगावची गाडी लागली. संघमित्रा काचेवरच्या पाटीकडे बघत राहिली आणि बाबांसारखं सावकाश म्हणाली, "मार्गे फर्दापूर." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नाव ठरलं होतं.

तो आठवडा मी त्या दोन शब्दांत घालवला. 'मार्गे' आणि 'फर्दापूर', दोन्हींवर रफार. रफार ही मोठी मोहात पाडणारी गोष्ट आहे. जरा तिरका केला की भुवई होते, जरा लांबवला की मिशी. दोन रफार म्हणजे दोन भुवया, खाली शिरोरेषेचं तोंड, झाला चेहरा. मी तसं करूनही पाहिलं, आणि गोड दिसत होतं, नाही म्हणत नाही. पण ते मला डोळा मारत होतं. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच पाटीनं डोळा मारला की संपलं. मी दोन्ही रफार सरळ साधे केले. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. वर बारीक 'मार्गे', खाली मोठं 'फर्दापूर'. रंगाचे कोपरे जरा उडालेले, कारण खरी पाटी कोरी नसते. चित्र नाही, नाक नाही. संघमित्राला बघायला दिलं तर तिनं दोन्ही रफारांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लई गंभीर झालंय." आणि हसायला लागली. मी म्हटलं, बघ, हसलीस.

मावशीला दाखवायला आम्ही दोघी गेलो. खरं भय ते होतं. ती नाही म्हणाली तर संघमित्रा दुसऱ्यांदा मंचावर जाणार नव्हती, हे मला माहीत होतं. मावशी लसूण सोलत बसली होती. मी कागद तिच्यासमोर धरला. तिनं हात पुसले, चष्मा लावला, कागद लांब धरून बघितला.

"गाडीचीच पाटी हाय ही," ती म्हणाली.

"व्हय," संघमित्रा म्हणाली. "बाबांच्या गोष्टी सांगणार आहे. ह्या पाटीखाली."

"तो भोंगावाला नाय ना?"

"नाय."

मावशीनं कागद परत दिला. पाकळ्या वाटीत टाकत म्हणाली की येईन. एवढंच.

दिवाळीच्या जरा आधी औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या सभागृहात तो कार्यक्रम झाला. दाराशी फराळाच्या ऑर्डरींचे वास येत होते. आत मंचावर ती पाटी, बाकी काही नाही. सुरुवातीला गाणं नाही, स्प्रिंग नाही. आम्ही स्टँडवर जाऊन नुसता तिथला आवाज धरून आणला होता: पावलं, गाडी मागं घेताना वाजलेली शिट्टी, कुणीतरी कुणालातरी मारलेली हाक. तेवढंच लावलं. आणि मजा अशी झाली की आत येणारे लोक पाटी बघून आपोआप प्रवासी झाले. खिडकीकडची जागा घेऊ म्हणत कडेला बसले. एका काकांनी शेजाऱ्याला विचारलं, ही थांबा घेत घेत जाते का थेट. मी मागं उभी होते. कार्यक्रम सुरू झालेला नव्हता आणि हसू नुकतं दाराशी येऊन उभं राहिलं होतं, चपला काढत.

संघमित्रा आली, माइकशी ताठ उभी राहिली. शब्द तेच, गच्चीवरचे. भेंडी रद्द झाली, शेपू सुटला. लोक हसले, पण आता ते भेंडीला मुकलेल्या घरातले होऊन हसत होते. मग तिनं हरवलेल्या मुलीची गोष्ट घेतली. 'एका मुलीचे आजोबा हरवलेले आहेत.' एक मोठं हसू उसळलं, आणि ते मध्येच वळलं. मला ते वळताना ऐकू आलं. लोकांच्या ध्यानात आलं होतं की हा माणूस काय करतोय. सभागृह एकदम शांत झालं. ती म्हणाली, मुलगी रडायची थांबली. माझ्या पुढच्या खुर्चीतल्या बाईनं डोळ्याला पदर लावला. आणि 'तिनं आजोबांनाच दटावलं' म्हटल्यावर जे हसू आलं, तसलं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. त्यात सगळेच होते, बाबासुद्धा.

पाटीनं हे केलं असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. गोष्ट बाबांची, सांगणं संघमित्राचं. पाटीनं फक्त दार नीट उघडून दिलं. घरात पाऊल टाकताना दारातला माणूस ज्या चेहऱ्यानं सामोरा येतो, त्यावर आपण आत कसं वागणार हे ठरतं, त्यातलाच हा प्रकार. 'मार्गे फर्दापूर' पुढं जालन्याला गेलं, बीडला, नांदेडला. प्रत्येक गावात कुणीतरी पाटीसमोर उभं राहून फोटो काढतं, गंभीर चेहऱ्यानं, गाडीची वाट बघत असल्यासारखं. मलाही अशी कामं येऊ लागली. पुण्याच्या त्या गृहस्थांना मी आज सकाळी फोन करून विचारलं की तुमच्या कार्यक्रमात विनोद करणारं कोण आहे आणि तो माणूस स्वतः हसतो का. ते थोडे गोंधळले, मग विचारात पडले. मला ते बरं लक्षण वाटलं.

पण त्या औरंगपुऱ्याच्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. लोक पांगल्यावर आम्ही तिघी मोकळ्या सभागृहात बसलो होतो. मी अख्खा वेळ एक डोळा मावशीवर ठेवला होता. ती उठून गेली नव्हती, पण हसलीही नव्हती. एकदाही नाही. हात मांडीवर ठेवून सगळं ऐकत होती. संघमित्रानंही ते पाहिलं असणार, कारण पाणी पिऊन झाल्यावर तिनं आईला विचारलं की आवडलं नाही का. मावशी म्हणाली, आवडलं की. मग संघमित्रा म्हणाली की तू घरातसुद्धा कधी हसली नाहीस, बाबा एवढ्या घोषणा करायचे, आम्ही पोटं धरून लोळायचो आणि तू भाकरी थापत राहायचीस.

मावशी पाटीकडे बघत होती. दिवे मालवणारा माणूस एकेक दिवा बंद करत चालला होता, तो मंचावरच्या दिव्याशी जाऊन आमच्यासाठी थांबला.

"मी हसले असते," ती म्हणाली, "तर त्यांना वाटलं असतं, झालं आता. मग थांबले असते ना ते."